आधी काटा शून्यावर

तालुक्याहून पत्र आलं, त्यात नाव चुकलेलं,
पंचफुला मडावीऐवजी पंचशीला.
काम मात्र माझंच होतं:
अंगणवाड्यांना आरोग्याचा सल्ला देणाऱ्या बायांना
यापुढे तुम्ही शिकवायचं.

म्हणजे पोरगं आणखी एक घर दूर गेलं.
आधी माझ्या मांडीवर होतं,
मग सेविकेच्या, आणि मी बाजूला उभी.
आता ते पळसगावच्या पल्याड कुठं तरी रडेल
आणि मी सिंदेवाहीच्या सभागृहात
खडू धरून.

एकवीस वर्षं मी हातांनीच विचार केला.
ताप उलट्या हाताला कळायचा,
पाणी आटलेलं पोट चिमटीला.
हे सांगायला बसलं की शब्द सापडत नाहीत,
बोटं पदराशी चाळा करत राहतात.

नागपूरच्या मॅडम म्हणाल्या,
मोठ्या माणसांना सांगू नका, विचारा.
मी विचारलं: लेकराचा कोणता दंड मोजाल?
बावीस बाया. एक पंखा.
मागून तुळजा गेडाम म्हणाली,
"ज्या हातानं थे पदर वढत नाही, तो."
पुस्तकात नुसतं 'डावा' लिहिलं होतं.

कार्यालयानं बाहुली पाठवलेली, प्लास्टिकची,
फुंकर मारली तर उडेल अशी.
म्हणून मी घरून एचएमटी तांदूळ आणला,
सात किलो दोनशे, जुन्या लुगड्यात बांधून.
तांदळाला मान नसते.
तरी प्रत्येकीचा तळवा
आपसूक मानेखाली गेला.
हे मी शिकवलं नव्हतं.
फळ्यावर लिहायचंही राहून गेलं.

(तिसऱ्या दिवशी त्याच बाळाची खिचडी झाली.
रत्नप्रभा शेंडे ताट पुढं करून म्हणे,
"मॅडम, याचं वजन घटलं, नोंद करा.")

पण दुसऱ्या दिवशीचं सांगते.
दाराच्या चौकटीला काटा टांगला.
तुळजानं झोळी अडकवली
आणि काट्याकडे न बघता बाळ आत ठेवलं.
माझे हात उठले.
मी ते पाठीमागं घेतले,
शाळेत गुरुजी घ्यायला लावत तसे,
आणि मनात मोजलं, दहापर्यंत,
मग वीसपर्यंत.
कोणी काही बोलेना.

तेव्हा दिघोरीचं सांगितलं,
जे कोणत्याच अहवालात नाही.
नोकरीचं दुसरंच वर्ष.
झोळी अडीचशे ग्रॅमची,
ती मी पोरात धरली.
लेकरू होतं लालमध्ये, माझ्या वहीत पिवळं.
दोन महिने त्याच्या आईला म्हणत राहिले,
हाव, ठीक हाय, सुधरते.
जगलं ते. आता ट्रॅक्टर चालवतं,
रस्त्यात दिसलं की थांबतं, मावशी म्हणतं.
मी आधी त्याच्या दंडाकडे बघते,
मग तोंडाकडे.

मॅडमनी वहीत काही तरी लिहिलं.
वेळ पाळली नाही, असं असेल.

तुळजा उठली.
तांदूळ झोळीतून बाहेर काढला,
झोपलेलं काढतात तसा.
रिकामी झोळी हलत होती,
ती थांबेस्तोवर ही थांबली.
मग खिळ फिरवली, थोडी, अजून थोडी.
"आता सांगा," माझ्याकडे न पाहता म्हणाली,
"गावात जाऊन मी हे पयले कोणाले दाखवू?"
उत्तर मला येत होतं.
मी विचारलं, तुला काय वाटतं?

शेवटच्या दिवशी भत्त्याच्या कागदावर
'पदनाम' हा रकाना अडला.
कोराच ठेवला. बाबू म्हणाला, चालते.

नागभीडच्या एसटीत खिडकी मिळाली.
बांध्यांमधून गावं मागं सरत होती,
दर गावात एक खोली, खोलीत एक आढं,
आढ्याला एक काटा टांगलेला,
शून्याच्या जरा अलीकडे
किंवा जरा पलीकडे.