टोपीचं माप

नेरिमातल्या स्टुडिओत हिसाको ओगाता
एकोणीस वर्षं एकच टोपी काढते आहे.
पोरगा दुसरं कुणी काढतं, आभाळ तिसरं.
टोपी हिची: पोस्टमनची, निळी, झिजल्या काठाची,
सात लाल टाके. सहाच पडले
तर ओसाकाहून मुलांची पत्रं येतात.

पहिल्याच भागात पोस्टमन म्हणाला होता,
येतोच, तोवर सांभाळ,
आणि पोराला टोपी घातली.
घातलीच म्हणायची. अजून आलेला नाही.
तरी पोरगा वादळात नकाशा सोडतो, कंदील सोडतो,
डोक्यावरचा हात काढत नाही.

आज नवी पानं आली:
पोरगा ती एका चिमुरडीच्या डोक्यावर ठेवतो.
येतोच, म्हणतो.

हिसाको जुने कागद काढते,
दिव्याच्या काचेवर एकावर एक ठेवते.
पहिल्या वर्षी टोपीची सावली नाकापर्यंत,
मग भुवयांवर,
मग वर, केसांत कुठेतरी.
असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

ती पेन्सिलीला टोक करते.
चिमुरडीचे डोळे झाकले जातात,
हनुवटी तेवढी उरते,
आणि एक दात पडलेलं तोंड,
उघडं.