तुटलेसाहेब

कनेक्टिकटहून आलेला कागद
मी लेथच्या शेडमध्ये उलगडला, ग्रीसच्या हातानं.
इंग्रजी बारीक होतं, पोरीनं वाचून दाखवलं.
सगळ्यात वर सोळाशे एकोणचाळीस साल,
जहाजातून उतरलेला कुणी एक सुतार,
त्याच्याखाली मुलं, मुलांची मुलं,
पाणचक्की, मेंढ्या, एक जण बर्फात गोठून गेला,
दोघी बाळंतपणात,
आणि पार उजव्या कडेला,
जिथं घडी पडून पडून कागद विरलाय :
एलिशा टटल. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवी.
मृत्यू सांगली, एकोणीसशे अकरा, प्लेग.
अविवाहित. निपुत्रिक.

सोबत पत्र. थडगं सापडेल का? फोटोही चालेल.
बाई माझ्याच वयाच्या असाव्यात,
अक्षर शाळेतल्या पोरीसारखं गोल.

सापडायला काय,
चर्चमागं चिंचेखाली आडवंच पडलंय.
आमच्यात त्याला टटल कुणी म्हटलंच नाही.
तुटलेसाहेब.
कुणापासून तुटले, असं आम्ही पोरं विचारायचो
आणि रविवारच्या शाळेत छडी खायचो.

एकोणीसच्या पुरात बाप्तिस्म्याचं रजिस्टर भिजलं.
पास्टरबाईंनी पान न् पान सोडवलं,
दोरीवर टाकलं, कपड्यांचे चिमटे लावून.
माझ्याकडं रात्रीचा पंखा सांभाळायचं काम.
तेव्हा वाचलं.
मार्च एकोणीसशे नऊ. मुलगा. नाव शमुवेल.
आई : गंगू, आता रूथ. शाळेत भुसा झाडते.
बाप :

पाण्यानं गेलेली शाई मला कळते.
ती निळी पसरते, शेजारच्या ओळीत शिरते.
ही जागा स्वच्छ होती.
तिथं कुणी टाकच टेकवला नव्हता.

शमुवेल माझा आजा.

घाऱ्या डोळ्यांचं काढलं की सुलोमी आत्या म्हणायची,
"घारे तर कोकणात ढिगानं मिळतात, जा, मोजून ये."
घरात एक रंधा आहे, सागवानी,
मूठ डावखुऱ्यासाठी घडवलेली.
आजा डावखुरा. बाप डावखुरा. मी.
पण डावखुरेही ढिगानं असतात, आत्या.

परवा हेळवी आला.
त्याचा बाप बैलावर यायचा, हा मोटरसायकलवर,
मागं पोत्यात वह्या बांधलेल्या.
समोरच्या चौगुल्यांना त्यानं अठरा पिढ्या मागं नेलं,
मध्ये फक्त एकदा थुंकला.
मग आमच्या दारात.
म्हटलं, चुकलास बाबा, आमची वही तुझ्याकडं नसणार.
तो म्हणाला, आज्यानं सांगून ठेवलंय, या घरी थांबायचं.
कवठ्याच्या कुंभारांचं पान काढलं.
लेकींची नावं ते लिहीत नाहीत,
ही एक लिहिली होती, समासात, कारण ही गेली :
"गंगू. मिशनात."
पुढं बोटभर जागा.
म्हणाला, तीन पिढ्या ही जागा वागवतोय, दादा.
कोऱ्यालाही ओझं असतंच की.
सांगा, नवरा कोण लिहू?

मी म्हटलं, आधी चहा घे.

त्यानं घेतला. पायलीभर शाळूही घेतला.
वही मिटताना त्या पानात
ज्वारीचं एक पाचट खूण म्हणून घातलं
आणि आष्ट्याकडं निघून गेला.

रविवारी चर्चमागं गेलो.
अक्षरांत कृष्णेचा गाळ वाळून बसला होता,
खराट्यानं निघेना, मग पोलीसपेपर घासला,
पहिलं अक्षर निघालं, मग दोन्ही ट.
पोरीनं फोटो काढला.
दगड नीट आलाय, साल नीट आलंय,
फक्त कडेला माझा हात आलाय, घासणारा.
कापून टाकू का, बाबा, तिनं विचारलं.

राहू दे म्हटलं.
बाईंना हिशोब करायचा तर करू देत.