कंसातली ओळ

एकवीस वर्षं मी विंगेत बसून कुजबुजतो.
मंडळाचं सामान टिमकीत, बंद पडलेल्या मागाच्या खोलीत.
तालमीही तिथंच, ऐन मे महिन्यात.
कूलरचं पाणी संपलं की नायक आधी बादली भरून आणतो,
मग फाशी.

नाटक आमचं एकच चालतं.
तिसरा अंक, कोठडी, उजाडायच्या जरा आधी.
पहारेकरी कुलूप न लावता निघून जातो.
दार किलकिलं. पलीकडं रस्ता,
म्हणजे उभी केलेली बाज आणि तिच्यावर काळं फडकं.
आणि वहीत, कंसात, तीन शब्द:
(तो जात नाही.)

'काहून जात नाही बे?'
वासुदेव खापेकरनं पहिल्याच दिवशी विचारलं.
लिहिणारा आता नाही. असता तरी काय,
कंसात लिहिलं म्हणजे त्यालाही
मोठ्यानं सांगता आलं नसावं.

दिग्दर्शक म्हणाला, तत्त्वासाठी.
वासुदेव म्हणाला, तत्त्वाले मानगूट नसते.
पौनीकरबाई, नाटकातली त्याची आई, बटण टाचता टाचता म्हणाल्या,
थकला असन बाप्पा, किती पळावं माणसानं.
पेटीवाला म्हणाला, गेला तर तिकिटाचे पैसे वापस करा लागन.
हसलो सगळे. प्रयोग लागत गेले.

गोष्टीतल्या माणसाला मरण स्वस्त.
रक्त पळसफुलांच्या पाण्याचं,
गाठ अशी की ओढली तर सुटावी.
तरी वासुदेव दर वेळी त्या दाराकडं बघायचा
आणि मग माझ्याकडं,
आणि माझ्याकडं तिथं द्यायला शब्दच नसायचा.

एका रात्री, सक्करदऱ्याच्या बाजूला, शाळेच्या मैदानावर,
तो गेला.
सरळ दारातून, बाजेला वळसा घालून,
माझ्या गुडघ्याला घासून, कनातीबाहेर.
लोकांना वाटलं, असंच असेल.
कुणीतरी शिट्टी मारली. सुटला रे!
एक टाळी वाजली, मग एकटी पडली.

पहारेकरी म्हणजे निनावे. वय सदुसष्ट,
मिल बंद झाल्यापासून आमच्यात.
त्यांनी येऊन 'वेळ झाली' म्हणायचं, एवढंच काम.
ते आले. कोठडी पाहिली.
कमरेची किल्ली हातात घेऊन पाहिली.
मी वही धरून बसलेलो, बोट त्या कंसावर.
निनावे आत गेले,
कांबळं झटकलं, नीट घडी केली,
आणि कैद्याच्या जागी बसले.
कुणी सांगितलं नव्हतं.
मैदानातलं एक लेकरूही रडत नव्हतं.

वासुदेव तेव्हा रस्त्यावर, अंगात पट्ट्यापट्ट्यांचे कपडे.
सायकलरिक्षावाल्यानं विचारलं, कुठं सोडू?
घर तर दोन चौक पुढं होतं, तो मला नंतर म्हणाला,
पण तोंडातून निघेच ना.
मागं इतकं शांत कसं, म्हणून त्यानं
कनातीच्या फटीतून पाहिलं.

तो परत आला. त्याच दारानं, उलटा.
निनावेंच्या खांद्यावर हात ठेवला.
'उठा. ही जागा माझी आहे.'
वहीत नाही ही ओळ. मी कुजबुजलो नव्हतो.
मग जे व्हायचं ते झालं, दोर, अंधार, पडदा,
टाळ्या बऱ्याच उशिरा.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, लिहून घे, हेच कायम करू.
पेन्सिल घेतली. टोक केलं. नाही लिहिलं.
आता वासुदेव उंबऱ्यापर्यंत जातो, थांबतो,
रस्त्याकडं बघत नाही,
विंगेत उभ्या म्हाताऱ्याच्या किल्लीकडं बघतो
आणि वळतो.
काहून, ते आता तो विचारत नाही.
मला अजूनही पक्कं माहीत नाही.

त्या रात्री सामान भरताना निनावे मात्र तणतणत होते,
'पुढच्या बारीले लवकर ये ना बे,
खाली बसलं का मले उठता येत नाही.'
वासुदेवनं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला.
त्यानंच कूलर टेम्पोला बांधायचा होता.