वॉर्मर

आमच्या नवजात कक्षात वॉर्मर आला तेव्हा डिसेंबर होता.
घोडमारे टेक्निशियननं नारळ फोडला,
लाल कांडीखाली तळहात धरून म्हणाला,
घ्या सिस्टर, तुमची शेगडी.

ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट घोटून घेतली होती:
लेकरू गार पडू द्यायचं नाही.
तळपाय चाचपा, टोपी घाला,
आईच्या उघड्या छातीशी बांधा.
पांढरकवड्याच्या बचत गटानं टोप्या विणून दिल्या,
दोनशे, पिवळ्या, गोंडेवाल्या.

या मे महिन्यात ते कपाट मी उघडलेलं नाही.

टेकामांची मुलगी, तीन दिवसांची,
दोन किलो शंभर,
ताप एकशे दोन.
रक्तात काही सापडलं नाही.
लघवी तपासायला लघवीच नव्हती, सकाळपासून.
रात्री अकराला भिंतीला हात टेकवला
आणि पटकन मागे घेतला.

बाप दारातून विचारतो,
"काऊन जी बाई, ताप कायचा हाये पोरीले?"
पोरीचा नाही, भाऊ. खोलीचा.
तो खोलीकडे बघत राहतो,
हिलाच सलाइन लावता आली असती तर.

रजिस्टरात बाळाच्या तापाला रकाना आहे,
खोलीच्या तापाला नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिते: एकोणचाळीस.

सुगंधा, आई, एकोणीस वर्षांची,
छातीशी धरते तर दोघी घामानं निसटतात.
"आधी तू गार हो,
पाठीवर ओला पंचा टाक, मग घे तिला."
हे मी बोलले.
अकरा वर्षं शिकवलेलं
उलटं करून मीच बोलले.

पावणेदोनला लाइट गेली.
जनरेटरचा माणूस उठेपर्यंत
ज्याच्या हाती जे लागलं त्यानं तो वारा घालू लागला:
केसपेपर, सूप, पदर.
बापाच्या हाती एक्स-रे होता,
शेजारच्या वॉर्डातल्या कुण्या पोराच्या छातीचा.
टॉर्चच्या उजेडात त्या काळ्या फुप्फुसांनी
वर-खाली, वर-खाली
टेकामांच्या मुलीला श्वास पुरवला.

चमचा चमचा दूध. टाळू बोटानं बघायची,
खोल, अजून खोल, जराशी कमी.

साडेचारला माझी मांडी कोमट ओली झाली.
"मुतली!" मी ओरडले,
अख्खा वॉर्ड जागा होईल इतक्या मोठ्यानं.
सुगंधा आधी लाजली, मग हसली.
बाप एक्स-रे हलवतच होता,
थांब म्हणायचं कुणाला सुचलं नाही.