पडद्याकडे पाठ

सोयाबीनची शेतं संपायची तिथे तो पडदा होता,
हायवेकडे पाठ करून बसलेला
रुसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
एका गाडीचे चार डॉलर, आत माणसं कितीही.
तरी हॅगर्टींची पोरं डिकीत लपूनच यायची.
सवयीचा भाग.

आमची स्टेशन वॅगन तिसऱ्या रांगेत.
तिथल्या खांबावरचा स्पीकर सगळ्यात जास्त खरखरायचा
आणि बाबांना तोच हवा असायचा.
डेलबर्ट क्रूस, धान्यकोठारात वजनकाट्यावर कामाला,
जन्मात एक अक्षर न ऐकलेले,
स्पीकर खिडकीला अडकवून
तळहाताने काचेचा कानोसा घ्यायचे.
उल्का आदळली की काच थरथरायची,
मग खूश होऊन तीच थरथर
आईच्या गुडघ्यावर वाजवून दाखवायचे.

आईला उल्कांचं कौतुक नव्हतं.
तीही बहिरी, पण तिचे प्रश्न वेगळे:
ती काय म्हणाली? मग तो काय म्हणाला?
मग एवढा वेळ गप्प का आहेत?

सांगायचं काम माझं. वय वर्षं नऊ.
डॅशबोर्डला टेकून, पडद्याकडे पाठ करून
मी कानांनी ऐकायची आणि हातांनी बोलायची.
बाबा माझ्या बोटांवर टॉर्च धरायचे,
वर लाल रुमाल, शेजारच्या गाड्यांना त्रास नको म्हणून.
तरी टूमी मॅनेजर सायकलवरून येऊन काच ठोकायचाच:
दिवा बंद!
बाबा कानांवर हात ठेवायचे.
इतका खरा हात कुणी कधी ठेवला नसेल.

म्हणून त्या उन्हाळ्यांतला एकही सिनेमा मी पाहिलेला नाही.
अजस्र मगरी, बुडणारी शहरं, आभाळ फाडून येणारी यानं,
सगळं पाहिलं ते दोन चेहऱ्यांवर,
निळं, नारिंगी, पुन्हा निळं,
आणि आईच्या चष्म्यात दोन चिमुकले स्फोट.

त्या जुलैत घरात हात गप्प होते.
बाबा गॅरेजमध्ये कॉटवर झोपायचे.
माझ्यासमोर नको म्हणून दोघं मध्यरात्री
फ्रिजचं दार उघडून त्या उजेडात भांडायचे.
तरी शुक्रवार आला तसे आम्ही गेलो.
अंतराळवीर, जळतं यान, घरी शेवटचा फोन.
नेमकी तेव्हा मालगाडी आली,
मक्याचे शंभरेक डबे, संपता संपेनात,
मला एक शब्द ऐकू येईना.
आई विचारतेय: काय म्हणाला?
टॉर्च माझ्या बोटांवर.
बोटं थांबली तर चोरी पकडली जाईल असं वाटलं,
म्हणून बोटं बोलली:
चुकलं माझं. तुझ्याशिवाय घास उतरत नाही.
गॅरेजमध्ये फार डास आहेत.

टॉर्च हलला.
अंतराळात गॅरेज? बाबांनी विचारलं.
हो, मी म्हटलं. मोठं आहे.
आई माझ्याकडे बघत नव्हती,
माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

त्या रात्री बाबा गॅरेजमध्येच झोपले.
पुढच्या आठवड्यातही.
ऑगस्टात दोनदा पाऊस झाला, डास वाढले,
आणि एके दिवशी कॉट दिसेनाशी झाली.
श्रेय डासांचं की माझं, अजून ठरलेलं नाही.

बाबा गेले त्या हिवाळ्यात
तोच सिनेमा टीव्हीवर लागला, खाली अक्षरं येत होती.
रिमोट सापडेपर्यंत तो फोन आलाच.
इंधन संपलंय, तो म्हणत होता,
ऐकतेयस ना, इंधन संपलंय.
एवढंच.

मी आईकडे वळले. कबुली द्यायला हात उचलले
तर तिने एका हाताने माझी बोटं मिटली
आणि दुसऱ्याने म्हणाली,
चाळीस फुटी ओठ होते, मार्ला.
मला वाचता येतात.

मग ती चष्मा पुसत बसली.
यान जळत होतं, टीव्ही मुका.
मी आवाज वाढवला, आणखी वाढवला,
कपाटातल्या बश्या थरथरेपर्यंत.