कोरडी चालवू नये

मकरपुरा, जीआयडीसी, शेड नंबर एकोणचाळीस.
तिसरी खेप.
स्कूटर बाभळीखाली लावली, हेल्मेट हँडलला,
आणि आत गेले, हळदीकुंकवाला आल्यासारखी हसत.
उधारी मागणाऱ्या बाईला हसावं लागतं.

बिल नंबर चौदा. हेमांगी दिघे, दांडिया बाजार.
गुजरातीतून मराठी, पाणबुडी पंप, माहितीपुस्तक,
शब्दाला नव्वद पैसे,
एकूण आठ हजार चारशे साठ.
मुदत तीस दिवस, हे मीच लिहिलं होतं खाली,
बारीक अक्षरात, लाजत.
आज एकशे अकरावा.

हर्षिदाबेन खुर्ची पुढे सरकवतात, माठातलं पाणी देतात.
"शेठ बहारगाम छे."
मागच्या खेपेला शेठ लग्नात होते,
त्याआधी जीएसटीत.
चेक तयार आहे म्हणे, सही तेवढी बाकी.
"थई जशे, बेन."
थई जशे. होऊन जाईल.
पन्नास वर्षं बडोद्यात काढून, दोन्ही भाषांवर पोट भरून
मला अजून या क्रियापदाचा काळ लावता येत नाही.

दाराबाहेर टेम्पो भरत होता.
खोक्यांवर माझी वाक्यं, निळ्या शाईत:
मोटर कोरडी चालवू नये.
पाण्याची पातळी पाहिल्याशिवाय बटण दाबू नये.
जळगाव, धुळे, शहादा,
वाक्यं निघाली भाडं चुकतं करून,
मी प्लास्टिकच्या खुर्चीत.

त्या "कोरडी"वर एक अख्खी दुपार गेली होती.
आधी "रिकामी" लिहिलं. मग "पाण्याविना".
मग धुळ्याच्या मावसभावाला फोन,
तो म्हणाला, आम्ही कोरडीच म्हणतो गं,
आणि तासभर बोअरचं रडगाणं ऐकवलं.
तो तास मी बिलात धरलेला नाही.

उठले, तर हर्षिदाबेननी दार लोटलं.
ड्रॉवरमधून रेघांचा कागद काढला.
"तमे सरस लखो छो. एक अरजी लखी आपो ने."
कोणाला?
त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.
शेठनाच.
तीन महिन्यांचा पगार. पोराची फी.

लिहायला बसले. सविनय जणाववानुं के...
"मेहरबानी" आलं, ते खोडलं.
"हक्क" लिहिला, तर त्या घाबरल्या. तोही खोडला.
शेवटी उरला नुसता आकडा, आणि तारखा.
त्या पुन्हापुन्हा वाचत राहिल्या,
ओठ हलवत.

मग पाकिटातून पन्नासची नोट, चार घड्यांची.
मी नको, नको.
"लई लो. काम कर्युं ने?"
काम संपल्यासंपल्या, त्याच टेबलावर, रोख.
बिलबुक उघडलं तेव्हापासून हे कधी झालं नव्हतं.
सवयीनं पावती फाडली: नंबर पंधरा.
अर्ज, एक. रुपये पन्नास. पोचले.
हर्षिदाबेननी ती जपून
पोराच्या फीच्या कार्डात ठेवली.

स्कूटर रिझर्व्हवर.
सुसेन सर्कलच्या पंपावर म्हटलं, पन्नासचं टाक.
"झीरो जुओ, बेन," पोरगा म्हणाला.
पाहिला.
मग आकडे पळायला लागले,
आणि कसे लगेच थांबले.