अकरा सेकंद आधी

उम्म अल क्वैनच्या खाडीमागे डांबर संपतं
आणि खारी, पांढरी माती सुरू होते,
तिथं आमची थाळी उभी आहे. पाच मीटरची.
मी तिला ग्रीस लावतो, वाळू पुसतो,
रात्री ती मान वळवते तेव्हा
गुडघ्यातून आवाज येतो का, ऐकतो.

काल दोन चौदाला तो यायचा होता.
अकरा सेकंद आधी आला.
चपलेच्या खोक्याएवढा उपग्रह, इंजिन नसलेला.
मी म्हटलं, लवकर आला, बरंच की!
शम्मानं स्क्रीनवरून डोळे काढले नाहीत.
म्हणाली, तो पडतोय.

दुपारी सूर्यावर काही फुटलं होतं.
त्याचा उजेड आठ मिनिटांत इथं पोचला
तेव्हा मी थाळीखाली बसून बोल्ट आवळत होतो.
सावली तेवढीच होती. घामही तेवढाच.
वर, चारशे किलोमीटरवर, हवा तापली
आणि उतू गेली.

वर हवा असते, हेच मला ठाऊक नव्हतं.
असते. माझ्या डब्यात मावेल एवढी हवा
अख्ख्या खाडीवर पसरली
आणि मशिदीच्या मिनाराहून उंच ताणली,
तर जेवढी विरळ होईल, तेवढी.
काल ती दाट झाली.
एवढ्याशा दाटपणाला तो तासन् तास घासत राहिला.

मला कळेना :
अडवलं तर उशीर व्हायला हवा.
शम्मा म्हणाली, अडवलं की तो खाली येतो,
खाली आला की वेग वाढतो.
अडखळणाराच पुढे पळतो वर.

मग मला रघुवीर दाभोळकर आठवला.
तिकीट ऑगस्टचं, आणि तो मे महिन्यात घरी.
दारात बायकोनं बॅग घेतली नाही.
आधी विचारलं, काय झालं?

शम्मानं त्याला कड फिरवायला सांगितलं.
वाऱ्याला रुंद बाजू द्यायची नाही, बस.
शमाल सुटला की आम्ही असेच चालतो
कॅम्पपासून बसपर्यंत, अंग तिरकं करून,
डबा पोटाशी धरून.
आज्ञा गेली. इराणच्या बाजूला तो बुडाला.
ऐकली का, ते पुढच्या फेरीला कळणार.

उतणार नाही, मातणार नाही, असं कहाणीत असतं.
हवेनं असा वसा घेतलेला नाही.
सूर्यानं तर नाहीच.

तीन शेहेचाळीस, नव्या कोष्टकाप्रमाणे.
गार्डच्या खोलीत जॉबीनं दूध तापत ठेवलं होतं,
साय जळल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.
मी थाळी नैऋत्येकडे वळवली
आणि तीन चाळीसलाच क्षितिजाला लावून ठेवली.
शम्मानं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे.
काही म्हणाली नाही.